बंदर नसलेले दिवस

डेव्हिड फॉस्टर वॉलेसचा क्रूझवरचा निबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझा समुद्रावरचा सर्वांत लांबचा प्रवास भाऊचा धक्का ते रेवस एवढाच होता. निबंध इतका आवडला, की पुढे कित्येक वर्षं कुणी क्रूझचं नाव काढलं की मी त्याला तो वाचायला पाठवायचो. ‘जाऊ नका’ असं सांगण्याची ती माझी सभ्य पद्धत होती. गेल्या जानेवारीत तोच निबंध मी पॅसिफिकच्या मध्यावर, डेकवरच्या खुर्चीत, अंगावर बोटीने दिलेला निळा टॉवेल घेऊन चौथ्यांदा वाचला. शेजारच्या खुर्चीत आई होती. तेव्हा पहिल्यांदाच माझं त्या निबंधाशी भांडण झालं.

प्रवास भावाच्या हौसेचा. तो कॅलिफोर्नियात असतो. आई त्याच्याकडे गेली होती, तिची ऐंशी जवळ आली होती आणि दोनेक वर्षांपासून तिला दिवसांचा हिशोब लागेनासा झाला होता. माणसं ओळखते, पाढे बिनचूक म्हणते, पण आज मंगळवार की गुरुवार हे तिला दिवसातून चारदा विचारावं लागतं. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात दिनांक, वार, पट, हजर असं रोज सकाळी लिहिणारी बाई. भावाला सुट्टी मिळेना, म्हणून सोबतीला मला बोलावून घेतलं. लॉस एंजेलिसहून हवाई आणि परत, पंधरा रात्री. त्यांतले नऊ दिवस नुसता समुद्र. क्रूझवाले अशा दिवसाला ‘सी डे’ म्हणतात. बंदर नाही, उतरणं नाही, कुठे पोहोचणं नाही.

हवाईची बेटं अमेरिकेच्या किनाऱ्यापासून जवळजवळ चार हजार किलोमीटरवर आहेत, त्यामुळे इलाज नाही. वर परतीच्या वाटेवर बोट मेक्सिकोतल्या एन्सेनाडा बंदराला काही तास टेकते. तेही प्रवाशांच्या हौसेसाठी नव्हे. परदेशी झेंड्याच्या बोटीला अमेरिकेतून प्रवासी उचलून नुसती अमेरिकेचीच बंदरं फिरवून परत आणता येत नाहीत, मध्ये एक तरी परदेशी बंदर लागतंच, असा १८८६ सालचा कायदा आहे. म्हणजे आमच्या प्रवासातलं एकुलतं एक परदेशी गाव कागदपत्रांच्या सोयीसाठी होतं.

आता निबंध. वॉलेसला ‘हार्पर्स’ मासिकाने १९९५ साली कॅरिबियन समुद्रातल्या सात रात्रींच्या क्रूझवर पाठवलं. लेख १९९६च्या जानेवारीत छापून आला आणि पुढच्या वर्षी त्याच्या निबंधसंग्रहाला त्याच निबंधावरून नाव मिळालं. ते मराठीत सांगायचं तर साधारण असं होईल : ‘मजेची म्हणतात अशी एक गोष्ट, जी मी पुन्हा करणार नाही’. बोटीचं खरं नाव झेनिथ, म्हणजे खस्वस्तिक. त्याने लगेच तिचं नादिर केलं, म्हणजे बरोबर उलटं, पायाखालचं टोक. हा वॉलेसचा विनोद. एका शब्दात सगळी दिशा फिरवून टाकायची.

त्याचा मुद्दा असा. क्रूझ तुम्हाला लाडावून तान्हं मूल करते. तुमच्या सगळ्या इच्छा पुरवण्याचं वचन देते आणि आपल्यातलं ते तान्हं मूल कधी तृप्त होणारं नसतंच. जितकं द्याल तितकी त्याची पट्टी वर चढते. कोझुमेलला तो वरच्या डेकवरून उतरणाऱ्या लोकांकडे पाहत बसतो. शेजारी दुसऱ्या कंपनीची बोट लागलेली असते. तिच्याकडे बघता बघता आपल्या बोटीत काय काय कमी आहे याची त्याला चीड येऊ लागते, आणि ही चीड आपल्याला येते आहे हे तो स्वतःच नोंदवतो. ही पानं आजही अव्वल आहेत. तो बुद्धिबळात नऊ वर्षांच्या मुलीकडून हरतो तेही आहे आणि निर्वाताच्या जोराने ओढणाऱ्या संडासाबद्दलची त्याची दहशतही. पण हसवता हसवता तो एका जागी येऊन थांबतो. रात्री बोटीवरचं गाणं-बजावणं संपलं की त्याला तिथे निराशा जाणवते, मरणाच्या शेजारची. वॉलेसने २००८ साली आत्महत्या केली, त्यामुळे आज ही वाक्यं कुणी साधेपणाने वाचूच शकत नाही. मी प्रयत्न करतो. लेखकाच्या शेवटावरून त्याची आधीची पानं वाचणं मला अन्यायाचं वाटतं.

तरी भांडण होतंच. त्याची बोट सात रात्रींची आणि तिच्या वाटेत बंदरांमागून बंदरं. त्याने जे पाहिलं ते सुट्टीचं सोंग. सलग चौथा सी डे आला की सोंग टिकत नाही. सुट्टी संपलेली असते आणि दिनक्रम सुरू झालेला असतो. रोज रात्री केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाचं छापील पत्रक येतं. सकाळी साडेनऊला सामान्यज्ञान, दहाला उकुलेले, अकराला हुला नाच, मग रुमालाच्या घड्या, दुपारी बिंगो, चित्रांचा लिलाव, पुन्हा सामान्यज्ञान. पहिल्या दिवशी लोक या पत्रकावर पेनाने गोल करतात. दुसऱ्या दिवशी दोन कार्यक्रम एकाच वेळी आल्याबद्दल चक्क तक्रारी करतात. चौथ्या दिवशी पत्रक कुणी वाचत नाही, कारण पाठ झालेलं असतं. लायब्ररीतल्या कोड्याच्या टेबलाशी तीच चार माणसं, बुफेत त्याच खिडकीशी तेच जोडपं. कुणी तिथे दुसरा बसला तर त्याच्याकडे गावात बाहेरचा माणूस आल्यासारखं बघायचं.

आपल्याकडे लोकलमध्ये शेंगदाणे विकणारा ‘टाइमपास’ म्हणून ओरडतो. पुडी संपते, स्टेशन येतं, हिशोब चुकता. बोटीवर पुडी संपते आणि स्टेशन येत नाही. मराठीत वेळ घालवतात, काढतात, मारून नेतात, दिवस ढकलतात. आणि वेळ जाईनासा झाला तर तो खायला उठतो. या सगळ्या क्रियापदांचा अर्थ मला तिसऱ्या सी डेच्या दुपारी तीन वाजता नीट कळला.

इथे एक साधी आर्थिक गोष्ट वॉलेसच्या तत्त्वज्ञानाइतकीच सांगण्यासारखी आहे. बोट बंदराला लागली की तिच्यावरचा कॅसिनो बंद होतो, दुकानं बंद होतात. कायदे आणि कर आड येतात. दोन्ही पुन्हा उघडतात ती किनाऱ्यापासून लांब गेल्यावर. म्हणजे तुमचा रिकामा दिवस हा कंपनीचा भरलेला दिवस. कंटाळा हा त्या व्यवस्थेतला बिघाड नाही, कच्चा माल आहे. वॉलेसला कंपनीचं वचन दिसतं, माहितीपत्रकाची भाषा दिसते, तिची चिरफाड तो अप्रतिम करतो. गल्ला मात्र त्याला कमी दिसतो.

गांधींनी ‘हिंद स्वराज’ बोटीवर लिहिलं हे आपण शाळेत ऐकलेलं असतं. नोव्हेंबर १९०९, इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला जाणारी किल्डोनन कॅसल, दहा दिवस, बोटीचेच कागद, उजवा हात दुखला की डावा. १९३० साली एकोणीस वर्षांचा चंद्रशेखर मुंबईहून निघून इंग्लंडला पोहोचेपर्यंत ताऱ्यांच्या मरणाचं गणित मांडत होता. बोटीवर निघालो तेव्हा एका मित्राने मला या दोन्ही गोष्टी हौसेने पाठवल्या. लोकांना अशा गोष्टी फार आवडतात, मलाही पूर्वी आवडायच्या. पण त्यांतून ‘बघा, समुद्रात वेळ कसा सत्कारणी लावावा’ असा बोध काढणाऱ्याला मी विचारीन : त्या बोटींवर सकाळी दहाला उकुलेले होतं का? त्यांना कुणी रमवत नव्हतं. शिवाय ही दोघं बोटीवर वेळ घालवायला चढलेलीच नव्हती, कुठेतरी जायला चढली होती.

वेळ घालवायला बोटीवर चढलेल्या माणसांचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं चित्र वॉलेसच्या सव्वाशे वर्षं आधीचं आहे. जून १८६७मध्ये न्यूयॉर्कहून क्वेकर सिटी नावाची बोट युरोप आणि पॅलेस्टाईनच्या सहलीला निघाली. सहल पाच महिन्यांची, प्रवासी बहुतेक पैसेवाले, वयस्कर आणि देवभोळे. त्यांच्यात वर्तमानपत्राने पाठवलेला एक तरुण वार्ताहर होता, मार्क ट्वेन. त्या पत्रांचं १८६९मध्ये ‘द इनोसंट्स अब्रॉड’ हे पुस्तक झालं. त्याचं चौथं प्रकरण काढून बघा. सगळी क्रूझ त्यात आहे. डेकवर खडूने चौकोन आखून दांड्याने चकत्या सरकवायचा खेळ, संध्याकाळची प्रार्थना, तिरक्या डेकवर घसरत केलेला नाच, ओव्हरकोट चोरल्याच्या खोट्या आरोपावरून बोटीच्या खजिनदारावर भरवलेला खोटा खटला. आणि रोजनिश्या.

रोजनिश्यांचा तो तुकडा मी आईला मराठी करून वाचून दाखवला. रात्री जेवणघरातल्या लांब टेबलांवर, डुलणाऱ्या दिव्यांखाली, वीस-तीस यात्रेकरू दोन-तीन तास आपापली डायरी लिहीत बसतात. ट्वेन म्हणतो ते थोडक्यात असं, की पहिल्या वीस दिवसांची शंभर पानं यांतला प्रत्येक जण दाखवू शकेल, पण पुढच्या वीस हजार मैलांची वीस पानंसुद्धा दाखवणारे दहा जण निघायचे नाहीत. एक तरुण पोरगा तर सुरुवातीला रोज आपल्या डायरीची प्रगती सांगत फिरतो आणि नंतर कोमेजत जातो. आई हसली. म्हणाली, ‘उन्हाळ्याच्या सुट्टीतला गृहपाठ.’

ट्वेनला कळलेली गोष्ट वॉलेसला कळलेली नाही असं मी म्हणतो ती हीच. ट्वेनच्या बोटीवरचा कंटाळा सार्वजनिक आहे. तो सगळ्यांना एकदम येतो, सगळे मिळून त्याच्यावर काहीतरी हास्यास्पद उपाय काढतात, आणि ट्वेन स्वतः त्या नाचात घसरतो आहे. वॉलेसचा कंटाळा खासगी आहे. तो आपल्या केबिनमध्ये, फळांच्या परडीशेजारी, एकट्याला येतो आणि तिथे त्याचं तत्त्वज्ञान होतं. एकटं असणं हा गुन्हा नाही. त्याला माणसांची गर्दी सोसत नव्हती हे तो उघड सांगतो. पण मग निबंधाचा निष्कर्ष बोटीबद्दलचा किती आणि केबिनबद्दलचा किती, हा प्रश्न विचारायला हवा. मी तो पंधरा वर्षं विचारला नव्हता. लोकांना लेख पाठवत राहिलो. खरं सांगायचं तर मलाही माणसं टाळायला एक भारदस्त कारण मिळालं होतं.

ट्वेनमध्ये मला न आवडणारंही पुष्कळ आहे. बंदरावर उतरला की तो तिथल्या माणसांबद्दल जे लिहितो त्यातलं बरंचसं आज वाचवत नाही. समुद्रावर असतो तोवर तो स्वतःच्या लोकांना हसतो, जमीन लागली की परक्यांना. बोटीवरची प्रकरणं चांगली उतरण्याचं एक कारण मला हे वाटतं.

मी हे सगळं समासात लिहीत होतो आणि आईचा वेळ मजेत चालला होता. हे माझ्या लक्षात यायला पाच दिवस लागले.

त्या बोटीवर लिफ्टमध्ये पायाखाली एक सतरंजी असते. तिच्यावर वाराचं नाव विणलेलं असतं आणि रोज मध्यरात्री कुणीतरी ती बदलतं. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला तो बोटीचा बालिशपणा वाटला. मग पाहिलं तर लिफ्टमध्ये शिरणारा प्रत्येक जण आधी खाली बघतो. निवृत्त न्यायाधीश, डॉक्टर, सैन्यातून आलेला धिप्पाड माणूस, सगळे. त्यात जाताना दोन रात्री घड्याळ तासातासाने मागे केलेलं. नाश्त्याला शेजारच्या टेबलावरची बाई नवऱ्याला विचारत होती, ‘आज बुधवार ना?’ नवरा म्हणाला, ‘लिफ्टने आलो असतो तर कळलं असतं.’ आई माझ्याकडे बघून म्हणाली, ‘बघ.’ एवढंच म्हणाली. दोन वर्षं घरात वार विचारल्यावर आम्ही दोघं भाऊ ज्या आवाजात उत्तर देत होतो, तो आवाज मला आठवला. इथे अख्खी बोट तिच्यासारखी होती आणि त्याबद्दल कुणाला काही वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मला न सांगता हवाई पद्धतीचे हार करण्याच्या वर्गाला जाऊन बसली. कापडी फुलं, प्लास्टिकची सुई, दोरा. मालवणकडे बालपण गेलेल्या बाईला सुरंगीचे वळेसर ओवायची सवय. शिकवणारी मुलगी तिसऱ्या फुलावर होती तेव्हा आईचा हार पुरा झाला होता. मी पोहोचलो तेव्हा ती सुई बाजूला ठेवून दोन अमेरिकन बायकांना नुसत्या बोटांनी गाठ मारायची कशी ते मराठीत शिकवत होती. त्यांनाही काही अडत नव्हतं.

या टप्प्यावर मी तिसरं पुस्तक काढलं, श्टेफान त्स्वाइगची बुद्धिबळावरची छोटी कादंबरी. त्स्वाइग हिटलरमुळे देशोधडीला लागला, ऑगस्ट १९४१मध्ये न्यूयॉर्कहून बोटीने ब्राझीलला गेला, तिथे हे पुस्तक पुरं केलं आणि पुढच्या फेब्रुवारीत पत्नीसह जीवन संपवलं. कथाही न्यूयॉर्कहून ब्युनॉस आयर्सला जाणाऱ्या बोटीवर घडते. बोटीवर जगज्जेता बुद्धिबळपटू आहे हे कळल्यावर एक श्रीमंत इंजिनिअर पैसे मोजून त्याच्याशी खेळतो, हरतो, पुन्हा पैसे मोजतो. वेळ घालवणं म्हणजे काय याचं हे शुद्ध रूप. मग बघ्यांमधून एक अनोळखी माणूस हलक्या आवाजात चाल सुचवतो. या डॉक्टर बी.ला गेस्टापोने व्हिएन्नाच्या मेट्रोपोल हॉटेलातल्या एका खोलीत एकटं डांबलेलं असतं. मारहाण नाही, उपासमार नाही. फक्त काहीही नाही. घड्याळ नाही, पुस्तक नाही, बोलायला माणूस नाही. चोरून मिळालेल्या एका पुस्तकातले दीडशे डाव मनातल्या मनात खेळून तो वाचतो आणि त्याच खेळाने वेडापर्यंत पोहोचतो.

या कादंबरीबद्दल बोलताना लोक नेहमी त्या खोलीबद्दल बोलतात. ते बरोबरच आहे. पण त्स्वाइगने ती गोष्ट सांगायला बोटच का निवडली, याकडे मी पूर्वी लक्ष दिलं नव्हतं. एकाच टेबलाशी दोन माणसं बसली आहेत. एकाजवळ इतका वेळ आहे की तो विकत घेऊन वाया घालवतो आहे. दुसऱ्याला वेळानेच छळलं आहे. डाव एकच. बोटीवरच्या रिकामपणाला निराशा म्हणणाऱ्या वॉलेसला हे पुस्तक शांतपणे उत्तर देतं असं मला वाटतं. खोली आणि बोट यांत फरक आहे, आणि तो फरक दारापाशी उभ्या असलेल्या बघ्यांचा आहे. डॉक्टर बी. शेवटी ढासळू लागतो तेव्हा कथेचा निवेदक त्याचा दंड घट्ट धरतो आणि त्याला भानावर आणतो. खोलीत दंड धरायला कुणी नव्हतं.

वॉलेसच्या बाजूने एक गोष्ट बोललीच पाहिजे. कामगार त्याला दिसतात. बोटीवर चढल्यावर तो आपली पिशवी स्वतः उचलतो आणि त्यापायी एक लेबनीज हमाल कात्रीत सापडतो : प्रवाशाचं ऐकावं की प्रवाशाला ओझं उचलू देऊ नये हा नियम पाळावा? वॉलेस त्या प्रसंगाने खरोखर खजील होतो. केबिन साफ करणाऱ्या पेत्राच्या तर तो प्रेमातच आहे. पण ती खोलीत कधी येते ते त्याला कळत नाही, आणि तो ते कोडं सोडवायला बघतो. खोलीबाहेर किती वेळ राहिलं की ती येऊन साफ करून जाते, याचे तो प्रयोग करतो. मजेदार पान आहे. यंदा वाचताना मला वाटलं, कोडं कसलं, विचारायचं ना तिला. पेत्राला इंग्रजी फार येत नव्हतं हे खरं. आईलाही येत नाही.

आमच्या केबिनच्या स्टुअर्डच्या छातीवरच्या पट्टीवर नाव आणि खाली ‘इंडिया’ लिहिलं होतं. पहिल्याच सकाळी आईने त्याला ‘खयचो रे तू?’ म्हणून विचारलं. तो बार्देसमधला, कोलवाळचा निघाला. वडीलही बोटीवर होते, काका होता. गोव्यात अशा माणसाला तारवटी म्हणतात आणि काही गावांत प्रत्येक वाड्यावर एखादा असतोच. जुन्या पिढीतले मुंबईला धोबीतलावच्या कूडमध्ये राहून बोट लागायची वाट बघत. त्याने आईला पहिल्या दिवसापासून आजी म्हटलं.

सी डेबद्दल मी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, बंदर असलं की लोक उतरतात, खोल्या रिकाम्या मिळतात, कामं भराभर उरकतात, नशीब असेल तर तासभर बाहेर जाऊन घरी फोन करता येतो. सी डेला सगळे वरच. खोली सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. माणूस आत झोपला असेल तर तिसऱ्यांदा चक्कर. जेवणघरातल्यांचे त्याहून हाल. म्हणजे आम्ही जो वेळ कसा घालवावा म्हणून हैराण होतो, तो सगळा त्यांचा होता. या विषयावरच्या माझ्या तिन्ही पुस्तकांत या माणसाची एक ओळ नाही. वॉलेसच्या तळटिपांतही नाही, आणि त्याच्या तळटिपांत तर काय नाही!

आईने मात्र लवकरच लिफ्टमधल्या सतरंजीवर विसंबणं सोडलं. ती त्यालाच विचारू लागली. त्यालाही वार आठवत नसे. त्याचा नऊ महिन्यांचा करार होता आणि फोनवर तो फक्त उरलेले दिवस मोजायचा. एन्सेनाडाच्या संध्याकाळी बोट धक्क्याला लागली, कायद्यापुरते दिवे दिसले, उतरणारे थोडेच होते. तो पलंग आवरायला आला तेव्हा आईने सवयीने विचारलं, ‘आज काय रे?’

‘एकेचाळीस, आजी,’ तो म्हणाला.